बेलफास्टच्या भिंती आता पाडाव्यात का?

लगानकाठ

नमस्कार मंडळी. बेलफास्टमध्ये येऊन सात वर्षं झाली. मुलगी पुढच्या वर्षी शाळेत जाईल. तिच्यासाठी शाळा शोधताना जे डोक्यात घोळतंय ते इथे मांडतो. विरोधी मतांचंही स्वागत आहे.

ज्यांना इथला इतिहास ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. उत्तर आयर्लंड हा ब्रिटनच्या राज्याचा भाग. इथल्या प्रोटेस्टंटांपैकी बहुतेकांना ब्रिटनबरोबरच राहायचंय, कॅथलिकांपैकी बऱ्याच जणांना आयर्लंडमध्ये सामील व्हायचंय. १९६८-६९ पासून तीस वर्षं इथे बॉम्ब, गोळीबार, लष्कराची गस्त हेच चालू होतं. साडेतीन हजारांवर माणसं मेली, आणि प्रांताची लोकसंख्या होती पंधरा लाखांच्या आसपास. १० एप्रिल १९९८ ला गुड फ्रायडे करार झाला. २२ मे रोजी सार्वमत झालं, त्यात इथल्या ७१ टक्के मतदारांनी कराराला होकार दिला. जॉन ह्यूम आणि डेव्हिड ट्रिंबल यांना त्या वर्षीचं शांततेचं नोबेल मिळालं.

करार झाला हे फार मोठं काम झालं, यात वादच नाही. पण नोकरीच्या पहिल्या आठवड्यात माझ्या हातात एक फॉर्म आला. तुम्ही प्रोटेस्टंट समाजाचे, कॅथलिक समाजाचे, की दोन्ही नाही? नोकऱ्यांमधला भेदभाव मोजता यावा म्हणून कायद्यानेच हा फॉर्म ठेवलाय, आणि हेतू चांगलाच आहे. मी तिसऱ्या चौकोनात खूण केली. शेजारच्या टेबलावरच्या इथल्याच मुलाने सांगितलं, "मीही तिथेच खूण केली होती, पण उपयोग नाही. प्राथमिक शाळेचं नाव बघून ते ठरवतात." मला पटेना. मग कळलं की खरंच तसं आहे. पाचव्या वर्षी आईबापांनी ज्या शाळेत घातलं, तिच्यावरून पन्नाशीतल्या माणसाचा समाज ओळखता येतो, आणि तो अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघतो!

माझं म्हणणं एवढंच आहे: बंदुका थांबल्या, पण मुलं अजून वेगळीच वाढताहेत. दोन्हीकडची मुलं एकत्र शिकवणारी पहिली शाळा, लगान कॉलेज, १९८१ मध्ये पालकांनी स्वतःच्या हिमतीवर सुरू केली, २८ मुलांना घेऊन. चाळीस वर्षांनंतरही अशा शाळांत शंभरातली सातआठच मुलं जातात. वस्त्या वेगळ्या, शाळा वेगळ्या, खेळही वेगळे. दंगली रोखायला प्रोटेस्टंट आणि कॅथलिक वस्त्यांच्या मध्ये उंच भिंती बांधलेल्या आहेत. २०१३ मध्ये सरकारने जाहीर केलं होतं की २०२३ पर्यंत त्या सगळ्या काढू. बहुतेक भिंती अजून उभ्याच आहेत. लॅनार्क वे या रस्त्यावर अशाच एका भिंतीत फाटक आहे, ते रात्री आजही बंद होतं. एक पूर्ण पिढी करारानंतर जन्मली, वाढली, आईबाप झाली, आणि तीही त्याच भिंतीच्या आपापल्या बाजूला. ही शांतता टिकाऊ आहे असं मला म्हणवत नाही.

जुना डॉक्टर

असहमत. जरा सविस्तर लिहितो.

मी १९८६ ते १९९४ बेलफास्टच्या एका रुग्णालयात होतो, अस्थिरोग विभागात. दुकानात शिरताना पिशवी उघडून दाखवायची, शहराच्या मध्यभागात जाताना लोखंडी फाटकातून अंग तपासून घ्यायचं, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की सुटीत पुण्याला आलो तेव्हा लक्ष्मी रोडवर दुकानाच्या दारात मी नकळत दोन्ही हात वर केले होते.

एका रात्री सतरा वर्षांचा मुलगा आला. दोन्ही गुडघ्यांत गोळ्या. मारणारे त्याच्याच वस्तीतले, त्याच्याच धर्माचे. गाड्या चोरतो म्हणून 'शिक्षा' केली होती. अमक्या वाजता मागच्या गल्लीत हजर राहा, असा निरोप आला होता आणि तो गेला होता. पळून गेलो असतो तर घरच्यांना त्रास झाला असता, म्हणाला. आईनेच अँब्युलन्स बोलावली होती. अशी पोरं आमच्याकडे इतकी यायची की गुडघ्यातली गोळी हा विषय आम्ही तिथे जगात कुठेही शिकलो नसतो इतका शिकलो.

नोव्हेंबर १९८७ मध्ये एनिस्किलन गावात युद्धातल्या मृतांच्या स्मृतिदिनाच्या कार्यक्रमात बॉम्ब फुटला. त्या दिवशी ११ माणसं गेली. गॉर्डन विल्सन नावाचे गृहस्थ ढिगाऱ्याखाली आपल्या मुलीचा हात धरून होते. ती वाचली नाही. मारणाऱ्यांबद्दल माझ्या मनात वैर नाही, असं त्यांनी त्याच दिवशी सांगितलं, आणि ते आम्ही वॉर्डातल्या रेडिओवर ऐकलं. कोणी काही बोललं नाही. बराच वेळ.

हे जवळजवळ सगळं थांबलं. तुम्हाला सात वर्षांत एकही असा पेशंट दिसला नसेल. त्याला 'नुसत्या बंदुका थांबल्या' म्हणू नका. दोन समाजांनी एकमेकांवर प्रेम करावं ही अट आपण कशाला घालायची? भिंतीलगत राहणाऱ्या माणसाला रात्री झोप लागते, ती त्या भिंतीमुळेच. दूरच्या उपनगरात राहणाऱ्याने तिला पाडायला सांगू नये.

सह्यकडा

डॉक्टरसाहेब, अंगावर काटा आला. पण भिंतीमुळे झोप लागते हे खरं असेल, तर एप्रिल २०२१ मध्ये लॅनार्क वेला जे झालं ते काय होतं? त्याच फाटकावर दोन्हीकडून पेट्रोल बॉम्ब फेकले गेले, जवळच बस जाळली. फेकणारी बरीचशी शाळकरी वयाची पोरं. करारानंतर जन्मलेली. त्यांनी 'तो काळ' पाहिलाच नव्हता.

जुना डॉक्टर

आणि मेलं कोण? कोणीही नाही. १९७२ मध्ये तेवढ्यावर लष्कर उतरलं असतं आणि आठवडाभर अंत्ययात्रा निघाल्या असत्या. मला फरक इथेच दिसतो.

वकिलीण

शाळा आणि भिंती दोन्ही महत्त्वाच्या, पण मूळ दुखणं न्यायाचं आहे असं मला वाटतं.

करारानुसार दोन वर्षांत चारशेहून अधिक कैदी सुटले. त्यांत खुनाची शिक्षा झालेलेही होते. ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांनी तो घोट गिळला, कारण पुढची माणसं वाचणार होती. बदल्यात त्यांना निदान सत्य तरी मिळायला हवं होतं. ते काहींनाच मिळालं, तेही किती उशिरा! डेरी शहरात ३० जानेवारी १९७२ ला लष्कराने निःशस्त्र मोर्चेकऱ्यांवर गोळ्या घातल्या, १३ जण तिथेच गेले. पहिल्या चौकशीने लष्कराला जवळपास निर्दोष ठरवलं. दुसरी, सॅव्हिल चौकशी, १९९८ मध्ये नेमली आणि अहवाल आला २०१० मध्ये. तेव्हा पंतप्रधान कॅमेरन यांनी संसदेत माफी मागितली. अडतीस वर्षं गेली. तोवर कितीतरी आईबाप वारले होते.

आणि २०२३ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून जुन्या खुनांचे नवे खटले, मृत्यूच्या चौकश्या जवळजवळ बंदच केल्या, माहिती देणाऱ्याला अभय देण्याची सोय केली. उत्तर आयर्लंडमधले सगळे मोठे पक्ष, जे एरवी कशावरच एकमत होत नाहीत, त्या कायद्याच्या विरोधात होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये बेलफास्टच्या उच्च न्यायालयाने ते अभय मानवी हक्कांच्या विरुद्ध ठरवलं. घाव तसाच ठेवून वरून पट्टी बांधली तर आत पू होतो, हे डॉक्टरांना मी काय सांगावं.

जुना डॉक्टर

ताई, तुमच्याच क्षेत्रातलं एक उदाहरण देतो. जीन मॅकॉनव्हिल या दहा मुलांच्या विधवा आईला १९७२ च्या डिसेंबरात घरातून उचलून नेलं आणि मारून पुरलं. मुलं वेगवेगळ्या अनाथगृहांत गेली. १९९९ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडच्या सरकारांनी अशा बेपत्ता माणसांसाठी एक आयोग नेमला. त्याचा नियम असा की कुठे पुरलंय ते सांगा, ती माहिती कोर्टात तुमच्याविरुद्ध वापरली जाणार नाही. या नियमामुळेच पुढे बहुतेकांचे अवशेष मिळाले. (मॅकॉनव्हिल बाई मात्र २००३ मध्ये लाउथच्या समुद्रकिनाऱ्यावर फिरायला आलेल्या माणसांना योगायोगाने सापडल्या.) खटल्याचा हट्ट धरला असता तर त्या मुलांना, त्या भावंडांना मातीसुद्धा मिळाली नसती.

वकिलीण

मान्य. पण तिथे कुटुंबांना बदल्यात काहीतरी मिळत होतं, आणि काय सोडायचं हे त्यांना ठाऊक होतं. २०२३ चा कायदा वरून लादला, कुटुंबांना न विचारता. माफ करायचं की नाही हे ज्याचं गेलं त्याने ठरवावं, सरकारने नव्हे. गॉर्डन विल्सन यांचंच घ्या. त्यांनी स्वतः ठरवलं, म्हणून आजही ते नाव आदराने घेतलं जातं.

कागदोपत्री

करारातच खोट आहे असं मला वाटतं. त्यानुसार इथल्या विधानसभेत निवडून आल्यावर तुम्ही युनियनिस्ट (ब्रिटनबरोबर राहू पाहणारे), नॅशनॅलिस्ट (आयर्लंडमध्ये जाऊ पाहणारे) की 'इतर', हे लिहून द्यावं लागतं. काही महत्त्वाच्या ठरावांना दोन्ही गटांचं वेगवेगळं बहुमत लागतं. २०२२ मध्ये अलायन्स पक्षाचे ९० पैकी १७ आमदार आले, ते 'इतर'. तिथे त्यांच्या मताला पूर्ण किंमत नाही. शिवाय दोघांपैकी एक मोठा पक्ष रुसला की सरकार पडतं: २००२ ते २००७, २०१७ ते २०२०, २०२२ ते २०२४. एवढी वर्षं दवाखान्यांच्या रांगा वाढत राहिल्या.

लगानकाठ

खरं आहे. पण त्याच रचनेमुळे इयन पेस्ली आणि मार्टिन मॅकगिनेस २००७ मध्ये एकाच सरकारात शेजारीशेजारी बसले. आयुष्यभर 'नाही' म्हणणारा धर्मोपदेशक आणि आयआरए या कॅथलिक बाजूच्या सशस्त्र संघटनेचा माजी कमांडर. लोकांना ते हसताना दिसले यावर विश्वास बसत नव्हता. पोलिसांचंही तसंच. २००१ मध्ये नाव बदललं, दहा वर्षं भरतीत निम्मे कॅथलिक घेतले. आठेक टक्क्यांवरून प्रमाण तिसेक टक्क्यांवर गेलं. म्हणजे ठरवलं तर होतं. मग शाळांच्या बाबतीत तसं का ठरवत नाहीत?

भिवंडीकर

१९८४ ची दंगल मी लहानपणी पाहिली आहे, म्हणून लिहितो. पुढे सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त असताना त्यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. दोन्हीकडची साधी माणसं आणि बीटचा हवालदार नियमाने एकत्र बसायचे. धर्मावर भाषणं नसायची, रोजची भांडणं आणि तक्रारी असायच्या. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. आमच्या वस्त्या तेव्हाही वेगळ्या होत्या आणि आजही आहेत. शाळा एक व्हायची वाट पाहत बसलो असतो तर त्या डिसेंबरात आमचं काय झालं असतं?

नाइट ड्यूटी

मी बेलफास्टमध्ये नर्स आहे, मूळची सांगलीची. एक गोष्ट कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

३ ऑगस्ट २०२४ ला इथे परदेशी लोकांविरुद्ध मोर्चा निघाला, मग दंगल. बाहेरून आलेल्यांची दुकानं, कॅफे जाळली. त्या मोर्चात ब्रिटनचा झेंडा आणि आयर्लंडचा तिरंगा एकत्र होते! एरवी हे दोन झेंडे एका रस्त्यावर आले तर दगड पडतात. आमच्या वॉर्डातल्या केरळच्या मुली आठवडाभर टॅक्सीने येत-जात होत्या, पैसे आम्ही सगळ्यांनी मिळून काढले. त्या आठवड्यात मला सोडायला रोज एक सिस्टर यायच्या, कट्टर प्रोटेस्टंट वस्तीतल्या. गाडीत त्यांच्या आरशाला ब्रिटनचाच झेंडा लटकत होता.

म्हणून मला डॉक्टरकाकांचं पूर्ण पटत नाही. दोन समाजांना आपापल्या भिंतीआड ठेवलं की 'आपलं' आणि 'परकं' हीच सवय शिल्लक राहते. मग समोर तिसरा आला की ती सवय त्याच्यावर चालते.

जुना डॉक्टर

मुली, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या काळात आम्ही दोन्हीकडच्यांना परके होतो, म्हणून दोन्हीकडचे आम्हाला घरी जेवायला बोलवायचे. तुमच्यावर ही वेळ आली याचं फार वाईट वाटलं. याला माझ्याकडे उत्तर नाही.

काल माझ्या वॉर्डातल्या जुन्या सिस्टरना फोन केला. आता सत्तरीच्या पुढे आहेत, प्रोटेस्टंटांच्या शँकिल रोडला राहतात, भिंतीपासून चार घरं अलीकडे. पलीकडच्या, कॅथलिकांच्या फॉल्स रोडच्या एका सिस्टरबरोबर त्यांनी आठ वर्षं रात्रपाळी केली. एकाच किटलीतला चहा प्यायल्या आणि एकमेकींच्या घरचा पत्ता एकदाही विचारला नाही. मी त्यांना सरळ विचारलं, भिंत पाडावी का? म्हणाल्या, "माझ्या खिडकीला जाळी आहे ती आधी काढता आली पाहिजे. फाटक रात्री दहापर्यंत उघडं ठेवून बघा, मग बारापर्यंत. क्रमलिन रोडवाल्यांनी अशीच वर्षानुवर्षं बोलणी केली, तेव्हा २०१६ मध्ये त्यांची भिंत गेली. आम्हाला कोणी विचारायला तरी येऊ दे." त्या दुसऱ्या सिस्टरचा पत्ता आता माहीत आहे का, हेही विचारलं. त्या गेल्या म्हणे, कोविडमध्ये. अंत्यविधीला जाण्यासाठी पहिल्यांदाच पत्ता शोधला, पण तेव्हा दहापाच माणसांनाच परवानगी होती.

लगानकाठ

डॉक्टर, हे तुम्ही लिहिलंत त्याबद्दल आभार. भिंतीपाशी राहणाऱ्यांना विचारल्याशिवाय तिला हात लावू नये, हे तुमचं मी मान्य करतो. शाळेबद्दलचं मत मात्र तेच आहे. ती भिंतीपाशी राहणाऱ्यांवर सोडता येणार नाही, कारण तिथल्या पाच वर्षांच्या मुलाला कोणी विचारत नाही.

जानेवारीत अर्ज उघडतात. पहिल्या पसंतीला आमच्याकडची एकत्र शाळा लिहिणार आहोत. जागा कमी आणि अर्ज जास्त असतात असं तिथल्या बाईंनी आधीच सांगितलंय. दुसऱ्या पसंतीला काय लिहायचं यावर घरात अजून एकमत नाही. भिवंडीकर, त्या समितीच्या बैठका नेमक्या कुठे व्हायच्या? चौकीत, की कोणाच्या घरी? इथल्या पालकांच्या एका गटाला सांगायचं आहे.