अनुभव धागा : तुमच्या घरातली जुनी सायकल

गेल्या महिन्यात बेळगावात टिळकवाडीत एका ओळखीच्यांकडे गेलो होतो. दिवाणखान्याच्या भिंतीला रॅले टांगलेली, टायरला मातीचा कण नाही. सहज म्हटलं, आमच्याकडे १९७८ ची ॲटलस आहे. "ॲटलस होय? दूधवाल्यांची," म्हणाले आणि विषय बदलला.

ते मला फार लागलं. बाबा त्याच ॲटलसवरून येळ्ळूरहून उद्यमबागेत पंचवीस वर्षं कामाला गेले. हँडलला डबा अडकवून अडकवून तिथला मुलामा गेलाय, बरोबर पिशवीच्या बंदाएवढा. ती जागा मी पॉलिश करू देत नाही.

सायकल कुठल्याही कंपनीची असो, कितीलाही घेतलेली असो, तुमचे अनुभव लिहा.

शहापूरहून

मी रॅलेवाला, म्हणून आधी माझी बाजू. आजोबांची सायकल इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमची. पुढच्या दातेरी चाकात बगळ्याची तोंडं कोरलेली आहेत. मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या गिअरच्या तुंब्यावर, स्टर्मी-आर्चर कंपनीचा शिक्का आहे, ५४ आणि ३, म्हणजे १९५४ चा मार्च. हबला तेल सोडायला छोटं झाकण आहे. महिन्याला चार थेंब सोडले की तीन गिअर अजून सुतासारखे पडतात. हातमागाच्या खोलीत मागाशेजारी ती उभी असायची आणि आम्हां पोरांना हात लावायची परवानगी नव्हती. एवढं चोख काम बघितल्यावर माणूस प्रेमात पडणारच. यात मिरवणं नाही.

पण खरं सांगतो, शाळेत असताना सेन-रॅलेवाल्या, म्हणजे इथंच आसनसोलला बनलेली रॅले असलेल्या मित्राला मी "तुझी नकली" म्हणायचो. त्याच्या वडिलांनी ती हप्त्यांनी घेतली होती, हे मला फार उशिरा कळलं.

खानापूरहून

आमची हंबर भंगारवाल्याला ३०० रुपयांना दिली. पंक्चर काढणारे अण्णा "मारब्याड्री, मारब्याड्री" म्हणत होते. कन्नडमध्ये मारणं म्हणजे विकणं. विकू नका म्हणून तो माणूस कळवळून सांगत होता आणि मी ऐकलं नाही. दोन वर्षांनी एका हॉटेलच्या दारात ती दिसली. पिवळा रंग मारलेली, कॅरिअरवर फुलांची कुंडी, चेन काढून टाकलेली. सीटखालच्या नळीला वडिलांनी नंदगडच्या यात्रेआधी मारून घेतलेलं वेल्डिंग होतं, त्यावरून ओळखली. चहा न घेताच बाहेर पडलो.

निपाणीहून

आमच्या घरी सायकल कधीच नव्हती, तरी लिहिते. तंबाखूच्या वखारींच्या मागे भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं, तासाला पंचवीस पैसे. मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर. तुम्ही सगळे कंपन्या सांगताय, आम्हा मुलींना कंपनी ठाऊकच नव्हती. सहा नंबरचा ब्रेक चांगला, अकरा नंबरची चेन पडायची. सहा नंबर मिळावी म्हणून मी शाळा सुटल्यावर पळत जायची. परकर कमरेला खोचून, दांडीखालून पाय घालून अर्धं पायडल मारत शिकले. पहिल्यांदा पूर्ण फेरा पडला तेव्हा जवळपास कुणीच नव्हतं. मी मोठ्यानं ओरडले होते.

अथणीहून

इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमची हर्क्युलस खरी की मद्रासची, यावर आमच्या मित्रांत दोन तास वाद झाला. माझी मद्रासची, अंबत्तूरच्या कारखान्यातली. तिच्यावरून पोती वाहिली, बायकोला बाळंतपणाला स्टँडवर सोडलं. खरं-खोटं मला कळत नाही, मी ती देणार नाही.

उचगावहून

धागा काढणाऱ्या दादांना सांगते, आम्हीच ते दूधवाले. सासरे पहाटे चारला निघायचे. कॅरिअरच्या दोन्ही अंगांना दोन कॅन, हँडलला एक. एवढ्या ओझ्यानं पुढचं चाक धरणारा चिमटा वाकू नये म्हणून त्याला जादा सळ्या लावून घेतल्या होत्या. हिंडलग्याच्या चढावर उतरून ढकलायचे. पावसात मी दारात उभी राहून डायनॅमोचा उजेड वळणापर्यंत बघायची. ते थांबले की उजेड विझायचा आणि माझा जीव वर-खाली व्हायचा. तिच्यावर दोन नणंदांची लग्नं झाली. "दूधवाल्यांची" हे कुणी खाली बघून म्हणत असेल, तर मी ते मान वर करून म्हणते.

आमचीही ॲटलसच. ३ जून २०२० ला, सायकल दिनाच्याच दिवशी, कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला, ती बातमी मी सासऱ्यांना वाचून दाखवली नाही. पुढचा बिल्ला, खांद्यावर पृथ्वी पेललेला माणूस, कुठंतरी पडलाय. तो मिळाला तर त्यांच्या हातानं परत बसवायचाय. कुणाकडे असेल का?

येळ्ळूरहून, धागा काढणारा

वहिनी, बाबांच्या सायकलीचा बिल्ला शाबूत आहे. रविवारी सासऱ्यांना घेऊन या. पत्र्याचं काम करणारा एक कारागीर ओळखीचा आहे, त्याच्याकडून आमचा बिल्ला बघून तस्साच करून घेऊ.