ऑफ टॉपिक: रॅमचा 48आरई मजबूत करायचाय, सुरुवात कुठून?

प्रेषक: मंदार

मंडळी नमस्कार,

कार्यक्रमाच्या धाग्यात हे घुसवत नाही, म्हणून वेगळा मेल. माझ्याकडे 2006 ची डॉज रॅम 2500 आहे, 5.9 कमिन्स डिझेल इंजिन आणि 48आरई ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. कंपनीतून निघाली तेव्हा 325 हॉर्सपॉवर आणि 610 पाउंड-फूट टॉर्क, आधीच्या मालकाने वर ट्यूनर (इंजिनाची पॉवर वाढवणारा कॉम्प्युटर) चढवलाय त्यामुळे आता बरीच जास्त आहे. रिकामी चालवताना काही त्रास नाही, पण मागे ट्रेलर असला आणि कोलोरॅडोत आय-70 हायवेवर आयझेनहॉवर टनेलचा चढ लागला की आरपीएम वर पळतो आणि गाडी आहे त्याच स्पीडला. एक शॉपवाला म्हणतो सरळ फुल बिल्ट, म्हणजे आतून सगळा मजबूत करून बांधलेला गिअरबॉक्स घे, दुसरा म्हणतो नुसतं शिफ्ट किट (तेलाचं प्रेशर वाढवून गिअर घट्ट बदलणारे सुटे भाग) टाक, नेटवर तर जितकी तोंडं तितकी मतं. नक्की काय बदलायचं आणि कुठल्या क्रमाने? शिरीषदादा, बघशील का जरा.

मंदार

---

प्रेषक: शिरीष

मंदार,

पैशांचं नंतर बोलू, आधी एक टेस्ट कर. तेल गरम झालं की मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, टॉप गिअरमध्ये लॉकअप (टॉर्क कन्व्हर्टरमधला क्लच, जो इंजिन गिअरबॉक्सला थेट जोडतो) लागलेला असताना ॲक्सिलरेटर तसाच धरून डाव्या पायाने ब्रेक पेडल फक्त टेकव, ब्रेक लागायला नको, स्विच लागला की झालं. लॉकअप सुटला पाहिजे आणि आरपीएमची सुई दोन-तीनशेने वर गेली पाहिजे. सपाट रस्त्यावर सुई उडते पण चढावर जोर असताना ब्रेक टेकवून काहीच फरक पडत नाही, तर तिथे तुझा कन्व्हर्टरचा क्लच आधीच घसरतोय. आणि सुई हलक्या पायावरही सारखी वर-खाली नाचत असेल तर गिअरबॉक्सला हात लावू नकोस, आधी वायरिंग, अर्थिंग आणि अल्टरनेटर तपास, या गाड्यांत सिग्नल खराब झाला तरी लॉकअप लागतो-सुटतो.

माझा अंदाज कन्व्हर्टरच, म्हणजे इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग. आतला लॉकअप क्लच एकाच डिस्कचा, आणि पुढचं कव्हर पत्र्याचं दाबून केलेलं. तेलाचं प्रेशर वाढलं की ते कव्हर फुगतं, क्लचला सपाट टेकायला जागा राहत नाही. म्हणून नुसतं शिफ्ट किट टाकून प्रेशर वाढवलं तर या कन्व्हर्टरला त्याचा पूर्ण फायदा मिळत नाही. मुळात या गिअरबॉक्सचं घराणं 1962 च्या टॉर्कफ्लाइट 727 चं, म्हणजे पेट्रोल गाड्यांचं. डिझेलचा सगळा जोर 1600 आरपीएमला येतो, तेव्हा पंप हळू फिरत असतो आणि गरम तेल पातळ झालेलं असतं. जोर सगळ्यात जास्त आणि पकड सगळ्यात कमी, दोन्ही एकाच वेळी.

आता क्रम. कन्व्हर्टर आणि व्हॉल्व बॉडी (तेलाचं प्रेशर वाटून गिअर बदलणारा भाग) ही जोडी एकत्रच करायची. कन्व्हर्टर ट्रिपल डिस्कचा, पुढचं कव्हर बिलेटचं, म्हणजे अख्ख्या ठोकळ्यातून कातलेलं. स्टॉल, म्हणजे गाडी जागेवर असताना कन्व्हर्टर इंजिनाला किती आरपीएमपर्यंत चढू देतो, ते विचारून घे, तुझा टर्बो आणि इंजेक्टर कंपनीचेच असतील तर स्टॉल कमीच हवा, मोठ्या टर्बोवाल्याचा जास्त स्टॉलचा कन्व्हर्टर तू घेतलास तर ट्रेलर ओढताना नुसतं तेल घुसळत बसशील. पण ट्रिपल डिस्क इतकी घट्ट धरते की मग पुढचा नंबर इनपुट शाफ्टचा (कन्व्हर्टरकडून गिअरबॉक्समध्ये जोर नेणारा दांडा), कंपनीचा शाफ्ट खाचांपाशी पिळवटतो आणि एक दिवस तुटतो. म्हणून पॉवर खरंच वाढवलेली असेल तर बिलेट इनपुट शाफ्ट त्याच वेळी, गिअरबॉक्स खाली उतरलेला असतानाच, परत दुसऱ्यांदा मजुरी द्यायची नाही. मग फ्लेक्सप्लेट, इंजिन आणि कन्व्हर्टरला जोडणारी चकती. साखळीच आहे, एक कडी जाड केलीस की ताण पुढच्या कडीवर.

आतल्या क्लचचं गणित मात्र साधं आहे. पकड म्हणजे प्रेशर गुणिले घासणाऱ्या बाजू, चार प्लेटच्या जागी पाच बसल्या तर सरळ 25 टक्के जास्त. सेकंडला घसरत असेल तर पुढचा बँड (ड्रमला आवळणारा पट्टा), त्याचा लिव्हर आणि स्ट्रट. सेकंडमधून थर्डला जाताना आरपीएम उडत असेल तर पुढचा क्लच. तुझं वर्णन यातलं कशाचंच वाटत नाही, त्यामुळे फुल बिल्ट विकणाऱ्याला आधी पॅन (गिअरबॉक्सखालची तेलाची थाळी) उघडून दाखव म्हणावं. तळाला काळा बारीक गाळ म्हणजे क्लचचं अस्तर, चकचकीत कण म्हणजे बुशिंग नाहीतर गिअर, मग खरंच सगळं उघडावं लागेल.

तेल एटीएफ+4 च. आणि लेव्हल न्यूट्रलला बघायची, हँडब्रेक ओढून. या गिअरबॉक्समध्ये पार्कला ठेवलं तर कन्व्हर्टरला तेलच जात नाही, थंडीत पार्कमध्ये गरम करत बसणाऱ्यांनी हे लक्षात घ्या.

शिरीष

---

प्रेषक: अनघा

शिरीष, सगळं पटलं, पण ट्यूनरबद्दल अवाक्षर नाही? मूळ दुखणं तिथेच आहे. 1500 आरपीएमला लॉकअप लागलेला असताना डिझेल ओतायचं आणि मग गिअरबॉक्स कमकुवत म्हणायचं. मंदार, टो ट्यून (ट्रेलर ओढण्यासाठीची सेटिंग) वेगळा करून घे, खाली टॉर्क हळूहळू चढणारा. चढावर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे टॉप गिअर, बंद कर, तुझा टॉप गिअर 0.69 चा आहे, थर्ड सरळ 1 चा, इंजिनही वर फिरतं आणि पंपही. ट्यून करताना प्रदूषणाचं काही काढायला सांगू नकोस, क्लीन एअर ॲक्टखाली ते बेकायदा आहे, उगाच शहाणपणा नको.

आमच्याकडे 2006 ची ड्युरामॅक्स डिझेलवाली गाडी आहे, 360 हॉर्सपॉवर, मागे ॲलिसन 1000 गिअरबॉक्स. तो स्वतः घसरण मोजतो आणि जास्त वाटली की लिम्प मोडला (गाडी बचावासाठी जोर कमी करते तो मोड) जातो, म्हणजे जळायच्या आधी ओरडतो तरी. 48आरई बिचारा गप्प जळतो. म्हणून टेंपरेचर गेज बसवच, आणि नुसता पॅनमध्ये नको, कन्व्हर्टरमधून बाहेर पडणाऱ्या लाइनवर. पॅनमधला आकडा शांत असतो तेव्हाही ही लाइन तापलेली असते.

अजून एक, गिअरबॉक्स कितीही मजबूत केलास तरी दरवाज्यावरच्या स्टिकरवर लिहिलेली वजनाची मर्यादा वाढत नाही हां.

अनघा

---

प्रेषक: शिरीष

अनघा, ॲलिसनचं कौतुक मान्य, पण त्यालाही भरपूर ट्यून दिला की सी3 क्लच आधी जातो, त्यामुळे फार मिरवू नकोस :) ट्यूनचं मात्र शंभर टक्के खरं. माझ्या मते मंदारने आजच ट्यूनर सगळ्यात खालच्या सेटिंगला आणावा, फुकटचं काम आहे आणि तेवढ्यावर कदाचित हा सीझन निघेल.

शिरीष

---

प्रेषक: मंडळ ॲडमिन

विषयात "ऑफ टॉपिक" लिहिल्याबद्दल मंदारचे आभार, बाकीच्यांनीही शिका. फोटो लिस्टवर जोडू नका, तीन जणांचे इनबॉक्स भरलेत.

---

प्रेषक: मंदार

दादा, ताई, टेस्ट केली. सपाटावर सुई उडाली, चढावर ट्रेलरसकट ढिम्म. पॅनमध्ये काळा गाळ आहे, चकचकीत काही नाही. ट्यूनर खाली आणलाय, चढावर थर्डमध्ये ठेवून बराच फरक पडला. कन्व्हर्टर, व्हॉल्व बॉडी आणि शाफ्ट एकदमच करतो.

एक राहिलं, इंजिनच्या बाजूला तेलाचा कूलर आहे तो आणि रेडिएटरपुढचा, दोन्ही धुऊन चालतील का बदलूच?

---

प्रेषक: शिरीष

पुढचा बदल. त्याच्या बारीक नळ्यांत अस्तराचा गाळ अडकतो, धुतला तरी पूर्ण निघेल याची खात्री नाही, आणि तोच गाळ नव्या व्हॉल्व बॉडीत जाऊन बसेल. इंजिनजवळचा उलट्या दिशेने फ्लश करून बघ, तेल स्वच्छ यायला लागलं तर ठेव. लाइन्सही धुऊन घे, त्या सगळे विसरतात.