चिंच 'इंडिका', फणस 'हेटरोफायलस': लॅटिन नावांचे शेवट का बदलतात?

गुलमोहर_मुलुंड
सोसायटीतल्या झाडांना पाट्या करतोय. चिंच टॅमरिंडस इंडिका, पण फणस आर्टोकार्पस हेटरोफायलस. दोन्हीकडे पहिला शब्द '-अस'नेच संपतो, मग पुढे असा फरक का? शिवाय वरळीच्या जीवाश्म बेडकाचं नाव एका यादीत राना पुसिला आहे, दुसरीत इंडोबॅट्रॅकस पुसिलस. यातलं चुकीचं कुठलं?

करवी
चुकीचं काहीच नाही. दुसरा शब्द विशेषण असेल तर तो पहिल्याच्या लिंगाप्रमाणे चालतो. आपण मोठा फणस, मोठी चिंच, मोठं झाड म्हणतो ना, तसंच. ढोबळ खूण: -अस पुल्लिंगी, -आ स्त्रीलिंगी, -अम नपुंसकलिंगी.

घोळ होतो तो झाडांपाशी. लॅटिनमध्ये झाडांची -अस शेवटाची बरीच नावं परंपरेने स्त्रीलिंगी धरतात. म्हणून फायकस रेलिजिओसा (पिंपळ), फायकस रेसिमोसा (उंबर) आणि तुमची टॅमरिंडस इंडिका. आर्टोकार्पस मात्र ग्रीक 'कार्पोस' म्हणजे फळ यावरून आलंय, आणि वनस्पतिनामांच्या नियमांत -कार्पस शेवटाची नावं पुल्लिंगी ठरवली आहेत. मराठीत वड 'तो' आणि लॅटिनमध्ये 'ती', त्याला इलाज नाही.

-एन्सिस म्हणजे अमुक ठिकाणचा किंवा ठिकाणची. नपुंसकलिंगात त्याचं -एन्से होतं. सोनकी सेनेसिओ बॉम्बेएन्सिस, पण कोकणातलं डिपकॅडी कॉन्कानेन्से. इथे हमखास चुकतात. -आनम हाही स्थळाचा शेवट असू शकतो: सफेद मुसळी म्हणजे क्लोरोफायटम बोरिविलिआनम, आपल्या बोरिवलीवरून.

काळा_पाषाण
बेडकाचं उत्तर यातच आहे. शास्त्रज्ञ ओवेन यांनी 1847 मध्ये त्याला 'राना'त घातलं. राना स्त्रीलिंगी, म्हणून पुसिला (इवलीशी). 1930 मध्ये नोबल यांनी इंडोबॅट्रॅकस हा नवा जीनस (नावातला पहिला शब्द ज्याचा असतो तो गट) केला. तो पुल्लिंगी, म्हणून पुसिलस. जुन्या याद्या धुंडाळताना शेवटची अक्षरं सोडून नुसतं 'पुसिल' शोधा, दोन्ही सापडतील.

वरळीच्याच कासवाचं 'लीथिआय' मात्र हायड्रास्पिसमधून कार्टेरेमिसमध्ये जाऊनही तसंच राहिलं. ते विशेषण नाही, लीथ या माणसाच्या नावावरून 'लीथचं' अशी षष्ठी आहे.

वनस्पतींच्या जीवाश्मांत बऱ्याचदा शेवटावरून अवयव कळतो: -झायलॉन लाकूड, -फायलम पान, -कार्पॉन फळ. एकाच झाडाच्या भागांना वेगळी नावं असू शकतात. ग्लॉसोप्टेरिस पान, व्हर्टेब्रारिया त्याचंच मूळ. यादीत दोन नावं दिसली म्हणून दोन झाडं मोजू नका.

गुलमोहर_मुलुंड
मग जांभूळ? सायझिजियम नपुंसकलिंगी, तरी क्युमिनी?

करवी
तीही षष्ठीच, बदलत नाही. टर्मिनालिया अर्जुनामधलं 'अर्जुना' नामच आहे, तेही बदलत नाही.

माणसांच्या नावांत एक 'आय' की दोन, हे रोमन स्पेलिंगवरून ठरतं. शेवट व्यंजनाने असेल तर दोन (डॅलझेल), स्वराने, वायने किंवा 'ईआर'ने असेल तर एक (मरे, हूकर). स्त्रीच्या नावाला -एई लागतं. पण रोमन 'ए' (a) अक्षराने संपणाऱ्या पुरुषाच्या नावालाही तेच, त्यामुळे -एई दिसलं की बाई असं धरू नका. देवनागरीत एक-दोन 'आय'चा फरक पुसला जातो, म्हणून पाटीवर रोमन नाव तिरप्या अक्षरांत आणि खाली मराठी नाव असं करा. मोठं अक्षर फक्त पहिल्या शब्दाला.