दिव्या देशमुखचा किताब फुकटात नाही मिळालेला
कुणीतरी म्हटलंय की एकही नॉर्म (मोठ्या स्पर्धेत किताबाच्या दर्जाची कामगिरी) नसताना बुद्धिबळपटू दिव्या ग्रँडमास्टर, म्हणजे बुद्धिबळातल्या सर्वोच्च किताबाची मानकरी, झाली म्हणजे नशीबच. नॉर्म नव्हता हे खरंय, पण बाकीचं अजिबात पटलं नाही. एरवी तीन नॉर्म आणि २५०० रेटिंग लागतं, पण महिला वर्ल्ड कप जिंकला की किताब थेट मिळतो हा फिडेचाच (जागतिक बुद्धिबळ महासंघाचा) नियम, तिच्यासाठी कुणी खास सूट नाही दिली. आणि तो कप २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला तिने कुणाकुणाला हरवून जिंकला ते तरी बघा ना, चीनची झू जिनर, मग आपलीच हरिका, मग सेमीफायनलला माजी जगज्जेती तान झोंगयी (तो डाव १०१ चालींचा होता, मी शेवटपर्यंत बघत बसले होते) आणि फायनलला कोनेरू हम्पी, तेही क्लासिकलचे (जास्त वेळाचे) दोन्ही डाव बरोबरीत सुटल्यावर रॅपिडमध्ये (कमी वेळाच्या झटपट डावांत).

शिवाय आदल्याच वर्षी ती २० वर्षांखालच्या मुलींची वर्ल्ड चॅम्पियन होती, ११ पैकी १० गुण, आणि बुडापेस्ट ऑलिंपियाडला टीमबरोबर वैयक्तिक गोल्डसुद्धा. नागपूरची ही पोरगी तेव्हा जेमतेम अठरा वर्षांची होती हो.