मदत हवी आहे: जुन्या ग्रीनहाऊसची छपरावरची तावदाने बसत नाहीत

नमस्कार मंडळी,

इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ, आमच्या घरामागच्या बागेत मी एक जुने ॲल्युमिनियमचे ग्रीनहाऊस उभे करत आहे. ते मला जवळच्याच एका वृद्ध गृहस्थांकडून "सोडवून न्या, पैसे नकोत" या बोलीवर मिळाले. त्याची माहितीपुस्तिका केव्हाच हरवलेली आहे आणि सांगाड्यावर कुठेही बनवणाऱ्याचे नाव नाही, त्यामुळे ज्यांनी हे काम स्वतः केले आहे अशांचा सल्ला हवा आहे. कुंडीतला कढीपत्ता दर हिवाळ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीत दाटीवाटीने ठेवावा लागतो, मिरच्या आणि वांगी तर इथल्या उन्हाळ्यात उघड्यावर जेमतेम धरतात. त्यांच्यासाठी हा खटाटोप आहे.

ग्रीनहाऊस बोलीभाषेत आठ बाय सहा फुटांचे असले, तरी बाहेरून मोजल्यास २५५० बाय १९३० मिलिमीटर भरते. खाली फरशांचा पाया आहे आणि तो चारही बाजूंनी पाणसळीत असल्याची मी खात्री केली आहे. त्यावर पत्र्याची बैठक ठेवली आहे, पण ती अजून फरशीला स्क्रूने जखडलेली नाही. सांगाडा पूर्ण उभा आहे; नट-बोल्ट हाताने घट्ट केले आहेत, पान्याने शेवटचे आवळणे बाकी आहे. काच बागकामासाठी मिळते ती साधी ३ मिलिमीटरची आहे. छपराच्या प्रत्येक पट्ट्यात खाली ६१० बाय ६१० चे तावदान आणि वर ६१० बाय ४५७ चे, अशी रचना आहे.

अडचण अशी आहे. बाजूच्या भिंतींमध्ये मी काही तावदाने नुसती टेकवून पाहिली, तर ती दोन्हीकडे सारखी फट ठेवून व्यवस्थित बसतात. छपरावर मात्र दक्षिणेकडच्या पाख्यात खालचे तावदान वरच्या डाव्या कोपऱ्यात त्याला धरणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला घासते आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात मोठी फट राहते. उत्तरेकडच्या पाख्यात, बाहेरून त्याच्या समोर उभे राहून पाहिले, तर तिथेही अगदी असेच दिसते. सगळ्याच पट्ट्यांमध्ये हा प्रकार आहे, त्यामुळे एखादी पट्टी वाकली असेल असे वाटत नाही. बैठकीचे कर्ण मोजले, तेव्हा एक ३२०६ आणि दुसरा ३१९० मिलिमीटर भरला. एवढ्या मोठ्या सांगाड्यात १६ मिलिमीटरचा फरक चालण्यासारखा आहे की दोषाचे मूळ तिथेच आहे? आणि मूळ तिथेच असेल, तर भिंतींमध्ये तावदाने बिनतक्रार का बसतात, हे मला उलगडत नाही.

दुसरा प्रश्न क्रमाविषयी आहे: आधी छप्पर करावे की भिंती? माझ्या मदतीला बहुतेक वेळा कोणी नसेल. तिसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा. आमचा मुलगा चार वर्षांचा आहे आणि बागेत चेंडू घेऊन धावत असतो. भिंतींच्या खालच्या रांगेत काचेऐवजी पॉलिकार्बोनेट घातले, तर काही बिघडते का? सगळीकडेच ते घालण्याची मात्र माझी इच्छा नाही, कारण चांगली काच हाताशी आहे.

— परसदार

प्रतिसाद: ओळंबा

परसदार, दोषाचे मूळ तिथेच आहे आणि उत्तर तुमच्या मोजमापांतच आहे. तुमच्या मापाच्या आयतात कर्णांमध्ये १६ मिलिमीटरचा फरक पडतो, याचा अर्थ एक लांब बाजू दुसरीच्या तुलनेत साधारण १० मिलिमीटर पुढे सरकली आहे; बैठक गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. असे झाले तरी प्रत्येक भिंत आपल्या जागी आयतच राहते, म्हणून तिच्यातली तावदाने तक्रार करत नाहीत. आढे मात्र दोन्ही बाजूंच्या मधोमध असल्यामुळे ते वळचणीच्या तुलनेत सुमारे ५ मिलिमीटर सरकते आणि दोन्ही पाखी तिरपी होतात. पाख्याची उतरती लांबी एक मीटरच्या थोडी वर धरली, तर ६१० मिलिमीटरच्या एका तावदानामागे जवळजवळ ३ मिलिमीटर तिरपेपणा येतो. दोन्हीकडे मिळणारी फट मुळात तेवढीच असते, म्हणून एक कोपरा घासतो आणि त्याच कडेचा दुसरा मोकळा राहतो.

बैठक अजून जखडलेली नाही, हे फार चांगले आहे. कोपऱ्यांचे आणि दोन्ही त्रिकोणी बाजूंचे बोल्ट थोडे सैल करा. ज्या दोन कोपऱ्यांमधला कर्ण जास्त भरतो, त्यांच्याभोवती सामान बांधायचा खटक्याचा पट्टा घालून तो हळूहळू ओढा आणि प्रत्येक ओढीनंतर दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे झाले, की पट्टा तसाच ठेवून आधी बैठक फरशीला जखडा आणि नंतर खालून वर बोल्ट आवळा. कोपऱ्याचे खांब ओळंब्यात आहेत का, हे त्यानंतर स्वतंत्रपणे तपासा, कारण जमिनीवरचे कर्ण सारखे असूनही भिंती एका अंगाला कलू शकतात. छपराला आणि भिंतींना तिरके आधार दिलेले असतील, तर ते सर्वांत शेवटी आवळा. ॲल्युमिनियमचे बोल्ट फार जोर लावल्यास मान टाकतात, तेव्हा लहान पाना वापरलेला बरा. आतून फळ्या किंवा टांगण्यासाठी आकडे लावायचे असतील, तर पट्ट्यांच्या खाचेत जास्तीचे बोल्ट आताच सरकवून ठेवा. नंतर त्यासाठी जोड उघडावे लागतात.

घासणारे तावदान दाबून बसवू नये, याचे कारण तेव्हाच्या तेव्हा दिसत नाही. तापमान उतरले की ॲल्युमिनियम काचेच्या सुमारे अडीचपट आकसते. दोन्हीकडे फट असेल, तर ते खपून जाते. एक कोपरा आधीच टेकलेला असेल, तर पहिल्या कडक थंडीच्या रात्री तिथून तडा जातो आणि लोक गारांना दोष देतात.

क्रमाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: आधी छप्पर. भिंती उघड्या असल्या, की शिडी आतबाहेर कुठेही लावता येते आणि हातातून तावदान सुटले, तर खाली लावलेली काच फुटत नाही. प्रत्येक पट्ट्यात खालचे तावदान आधी बसवा, त्याच्या वरच्या कडेला झेड आकाराच्या दोन क्लिपा अडकवा आणि वरचे तावदान त्यांच्या बाहेरच्या आकड्यांवर टेकवा. दोन्ही तावदाने साधारण १२ मिलिमीटर एकमेकांवर आली पाहिजेत. मग तारेच्या डब्ल्यू आकाराच्या क्लिपा, प्रत्येक बाजूला दोन. एक तावदान पावणेतीन किलोच्या आसपास भरते, त्यामुळे एकट्याला उचलणे अवघड नाही. खरा शत्रू वारा आहे. जाड हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच, कारण या क्लिपा उसळतात.

प्रतिसाद: मिरचीवाली

ओळंबा यांचे कर्णांविषयीचे विवेचन पटले, पण आमच्याकडे मोकळ्या माळावरचा वारा असतो आणि तिथे नुसते छप्पर घातलेला, बाजूंनी उघडा सांगाडा रात्रभर ठेवणे मला धोक्याचे वाटते, कारण खालून घुसलेला वारा छपराची तावदाने उचलतो. म्हणून मी आधी भिंती करते. सगळे एकाच कोरड्या, शांत दिवशी उरकणार असाल, तर दोन्ही क्रम ठीक आहेत. काम अर्धवट राहण्याची शक्यता असेल, तर भिंती आधी घ्या आणि रात्री दार बंद ठेवा.

मुलाबद्दल. साध्या काचेचे फुटल्यावर लांब, धारदार तुकडे होतात, तेव्हा दाराला आणि खालच्या रांगेला ती नकोच. ४ मिलिमीटरचे दुपदरी पॉलिकार्बोनेट त्याच खाचांत बसते आणि उष्णताही काचेपेक्षा चांगली धरते. प्रकाश मात्र थोडा कमी येतो. त्याच्या नळ्या उभ्या ठेवा, नाहीतर आत साचलेले पाणी निथळत नाही. वरची कड घट्ट चिकटपट्टीने आणि खालची हवा खेळू देणाऱ्या पट्टीने बंद करा. अतिनील किरणांपासून संरक्षण असलेली बाजू बाहेर आली पाहिजे. पत्रे हलके असल्यामुळे वाऱ्याने निघू शकतात, म्हणून क्लिपा जास्त लावा. दुसरा मार्ग टफन्ड काचेचा आहे. ती फुटली तर बारीक खडे होतात, पण नंतर कापता येत नाही, त्यामुळे माप आधीच अचूक हवे.

तुम्ही विचारलेले नाही, तरी एक गोष्ट तावदाने चढवण्यापूर्वीच ठरवा. तुमच्या सांगाड्याला छपरात खिडक्या किती आहेत? रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी ही ब्रिटनमधली बागकामाची संस्था जमिनीच्या क्षेत्रफळाच्या सुमारे २० टक्के खिडक्या असाव्यात असे सांगते. तुमच्या बाबतीत ते जवळजवळ एक चौरस मीटर होते आणि जुन्या सांगाड्यांना बहुधा एकच लहान खिडकी असते. भिंतीत खाली एक झडपांची खिडकी घातली, तर वांग्यांचा फुलोरा उन्हात गळणार नाही.

परसदार

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पट्टा ओढून दोन्ही कर्ण ३१९८ मिलिमीटरवर आणले, बैठक जखडली आणि नंतर दोन्ही पाख्यांत तावदाने टेकवून पाहिली. आता फट दोन्हीकडे सारखी आहे. छपरात एकच खिडकी आहे, तेव्हा मिरचीवाली यांनी सुचवल्याप्रमाणे उत्तरेच्या भिंतीत झडपा घालणार आहे. खालची रांग आणि दार पॉलिकार्बोनेटचे करतो. वाऱ्याचा अंदाज पाहता क्रम मात्र भिंतींपासूनच ठेवतो आहे, ओळंबा यांनी राग मानू नये.

एक शेवटची शंका: दाराच्या वरचे त्रिकोणी तावदान तडकलेले आहे आणि त्या आकाराची काच तयार मिळत नाही. त्याचे माप कसे घ्यावे?

ओळंबा

राग कसला, वारा तुमच्या अंगणातला आहे. त्रिकोणासाठी फूटपट्टीवर विसंबू नका. जाड पुठ्ठा त्या खाचेत बसेल असा कापा, मग प्रत्येक कडेने ३ मिलिमीटर कमी करा आणि तोच पुठ्ठा काचवाल्याकडे द्या. समोरच्या बाजूचा त्रिकोण याच्याशी जुळेल असे गृहीत धरू नका; त्याचा पुठ्ठा वेगळा कापा आणि दोन्हींवर आतली बाजू कोणती ते लिहून ठेवा.