पावसाळ्याआधी रस्त्याच्या साइटवर पर्यावरणाची कोणती कामं आधी घ्यावी?

हिंगणा_साइट: नागपूरजवळ चौपदरी रस्ता, साधारण ८ किमी, सगळी काळी माती. भराव ४ मीटरपर्यंत, त्यात कोराडी वीज केंद्राची राख. दोन नाले ओलांडतो. हॉट मिक्स (डांबर-खडी मिसळायचा) प्लांट, आरएमसी (तयार काँक्रीटचा) प्लांट आणि १२५ केव्हीएचा जनरेटर आपलाच. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कन्सेंट (परवानग्या) सगळे आहेत. पाऊस धरायला सहा आठवडे उरले. तपासणीत कागदापेक्षा साइटवर काय अडकतं, आणि सुरुवात कुठून करावी?

मोरीवाला: आधी नाले, मग बाकी. २३ सप्टेंबर २०२३ ला नाग नदीने शहरात काय केलं ते सर्वांनी पाहिलंय, तरी मोरी (नाल्यावरचा छोटा पूल) अर्धवट असताना डायव्हर्जनखाली (तात्पुरत्या वळण रस्त्याखाली) दोन पाइप टाकून लोकं मोकळे होऊन राहिले. पहिल्याच पुरात पाइपच्या तोंडाशी पऱ्हाटी (कपाशीच्या काड्या) आणि प्लास्टिक अडकतं, पाणी फुगतं, डायव्हर्जन फुटतं आणि सगळा मुरूम खालच्या शेतात जाऊन बसतो. मग पंचनामा. मोरी मेअखेर होणार नसेल तर डायव्हर्जन मधोमध खाली घेऊन काँक्रीटचा रपटा (पाणी वरून जाईल असा ठेंगणा पूल) करा, म्हणजे मोठं पाणी वरून निघून जाईल, फोडून नाही. वाहतूक तेवढा वेळ थांबवावी लागेल, ती तयारी ठेवा.

गाळ अडवायच्या खड्ड्यावर फार भिस्त नको. काळ्या मातीचे कण इतके बारीक की पाण्यात तासन्‌तास तरंगतात, खड्ड्यात बसतो तो फक्त जाडसर भाग. म्हणून माती सुटूच नये हे बघा: जेवढं झाकता येईल तेवढंच उघडा. गाळरोधक कापड भरावाच्या पायथ्याशी समपातळीत लावा, नाल्यात आडवं कधीच नाही. खालची कड १५ सेंमी चरात पुरली नसेल तर पाणी कापडाखालून जातं आणि कापड नुसतं शोभेला उरतं. वरचा १५ सेंमी सुपीक थर वेगळा रचा, ढीग २ मीटरच्या वर नको, उतार १:२ (१ उभा, २ आडवा), आणि नाल्यापासून लांब.

डांबर_आणि_धूर: हॉट मिक्स प्लांटवर बॅग फिल्टरचा (धूर-धूळ गाळणाऱ्या कापडी पिशव्यांचा) दाबफरक, म्हणजे पिशव्यांच्या दोन्ही बाजूंच्या हवेच्या दाबातला फरक, रोज लिहा. आकडा शून्याकडे उतरला की पिशवी फाटली समजा, चढतच गेला की पिशव्या चोंदल्या. चोंदायचं नेहमीचं कारण सकाळची घाई: ड्रम आणि फिल्टर तापायच्या आत ओली खडी टाकतात, वाफ पिशव्यांवर धरते, धुळीचा चिखल होतो. मग कंप्रेसरची हवा कितीही मारा, सुटत नाही. खडीच्या ढिगावर शेड घातलं तर ओलावा कमी, इंधनही वाचतं.

जनरेटरच्या चिमणीची उंची म्हणजे खोलीची उंची अधिक ०.२ गुणिले केव्हीएचं वर्गमूळ. ३ मीटरची खोली असेल तर १२५ केव्हीएला साधारण ५.२ मीटर. इथे बरेच जण नापास होतात आणि दुरुस्ती अर्ध्या दिवसाची!

ट्रान्झिट मिक्सर (काँक्रीट वाहणारी गाडी) धुतलेल्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) १२ पर्यंत जातो, नाल्यात सोडायची मर्यादा ५.५ ते ९. तीन कप्प्यांची टाकी बांधून तेच पाणी पुन्हा धुण्याला वापरा.

राख_भराव: कोळशावरच्या वीज केंद्रापासून ३०० किमीच्या आतल्या रस्त्यांना राख वापरणं ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनं बंधनकारक आहे, त्यामुळे कोराडी-खापरखेड्याजवळ टाळता येत नाही. आयआरसी एसपी ५८ (इंडियन रोड्स काँग्रेसची राखेच्या भरावाची मार्गदर्शिका) प्रमाणे बाजूचं मातीचं आवरण १ ते ३ मीटर जाड, आणि ते राखेसोबतच थराथरानं चढवायचं. नंतर बाजूला माती ढकलली की ती घट्ट होत नाही, पहिल्या पावसात घसरते. तुमचा भराव ३ मीटरच्या वर आहे, म्हणजे मधे मातीचे थरही लागतील, दबाईनंतर किमान २०० मिमी. उघडी राख मेच्या वाऱ्यात उडते, जूनच्या पावसात तिला घळी पडतात. पाऊस लागेपर्यंत झाकता येईल तेवढीच उंची घ्या.

हिंगणा_साइट: हॉलरोडवर (टिप्पर ये-जा करतात त्या कच्च्या रस्त्यावर) दिवसाला पाण्याचे चार टँकर मारतो, तरी गावकरी ओरडतात.

मोरीवाला: टँकरच्या मागच्या भोकांतून धो-धो सोडत असाल. काळ्या मातीचा चिखल टिप्परच्या चाकांना लागून डांबरी रस्त्यावर येतो, वाळतो आणि तिथे नवी धूळ. आधी हॉलरोडवर मुरूम टाकून दाबा, मग बारीक फवारा, थोडा-थोडा पण वारंवार. वेग ताशी २० किमी. फाट्यावर चाकं धुवायची जागा करा. विहिरीचं पाणी धुळीला घालवण्यापेक्षा महापालिकेकडे प्रक्रिया केलेलं सांडपाणी मागून बघा, भांडेवाडीचं वीज केंद्राला जातंच. काँक्रीटला मात्र तपासल्याशिवाय ते नको.

डांबर_आणि_धूर: मुरुमाचंही बघा. रस्त्यांच्या भरावासाठी साधी माती काढायला पर्यावरण मंजुरीतून मिळालेली सरसकट सूट सर्वोच्च न्यायालयानं २१ मार्च २०२४ ला रद्द केली, तेव्हा जुन्या कामाची फाइल उतरवून देऊ नका. तहसीलचा परवाना आणि रॉयल्टी वेगळी, वाहतूक पास गाडीतच हवा. वापरलेलं ऑइल ९० दिवसांच्या वर साठवायचं नाही, अधिकृत रिसायकलरलाच द्यायचं, मॅनिफेस्टसह (घातक कचरा कुठून कुठे गेला त्याच्या नोंदपत्रासह). ड्रमखाली काँक्रीटचा तळ आणि कठडा हवाच, कठड्याच्या कोपऱ्यात ठेवलेलं भोक आधी बुजवा.