हाँगकाँगहून बोटीने मकाऊ : एका दिवसात करावं की मुक्काम? (सासूबाई सोबत आहेत)

पाचवीच्या_पालक
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाच दिवस हाँगकाँगला जातोय. नवरा, मी, दहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. त्या ६९ वर्षांच्या आहेत. गुडघे दुखतात, पण हळूहळू बरंच चालतात, आणि पूर्ण शाकाहारी आहेत, अंडंही चालत नाही.

टूरवाल्याने एक दिवस मकाऊचा सुचवलाय. तो बोलतो ते सगळं कॅसिनोबद्दलच. सासूबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "जुगाराच्या गावात मी काय करू? तुम्ही जाऊन या, मी हॉटेलवर बसते." त्यांना परक्या देशात दिवसभर एकटं ठेवून जायला माझं मन तयार होत नाही. पण मकाऊचं जुनं गाव फार सुंदर आहे असंही ऐकलंय. विचारायचं ते असं :

बोट बरी की पुलावरची बस? मला बोट लागते. व्हिसाचं काय? परत हाँगकाँगमध्ये शिरताना अडवत नाहीत ना? मुलाला कॅसिनोत नेता येतं का? आणि मुख्य म्हणजे, सासूबाईंना आवडेल असं तिथे खरंच काही आहे का? नसेल तर तो दिवस मी सरळ रद्द करेन.

तुंगचुंगकर
ताई, रद्द करू नका. मी अकरा वर्षं इथे राहतोय. आई-बाबा, मावशी, सासरे सगळ्यांना मकाऊ दाखवलंय.

आधी कागदपत्रं. हाँगकाँगसाठी भारतीयांना प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन लागतं. ते ऑनलाइन आणि फुकट आहे. मुलाचं आणि सासूबाईंचं वेगळं करा, पासपोर्टवरचं स्पेलिंग अक्षरन् अक्षर जुळवा, प्रिंट काढून ठेवा. ती स्लिप सहा महिने चालते आणि तिच्यावर एकापेक्षा जास्त वेळा येता येतं, त्यामुळे मकाऊहून परतताना अडचण नाही. मकाऊला भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आगाऊ व्हिसा लागत नाही, तीस दिवस राहता येतं. निघायच्या आधी नियम एकदा पाहून घ्या. हाँगकाँगला उतरताना पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, एक छोटी चिठ्ठी देतात. ती पासपोर्टमध्येच ठेवा. आमच्या मावशीने बोटीच्या तिकिटाबरोबर टाकून दिली होती, सगळी पर्स उलटी करावी लागली.

आता बोट. शुंग वान मेट्रो स्टेशनच्या डी गेटने वर आलात की शुन टाक सेंटर. लाल खांबांची जोड इमारत आहे, चुकणार नाही. बोटी तिथूनच सुटतात, साधारण तासाभराचा प्रवास. साध्या वर्गाचं तिकीट पावणेदोनशे हाँगकाँग डॉलरच्या आसपास, शनिवार-रविवारी आणि रात्री जास्त. हा देश सोडून जाण्याचा प्रकार आहे, इमिग्रेशन असतं, म्हणून पाऊण तास आधी पोचा. बोटीच्या दारात तिकिटावर सीट नंबरचा स्टिकर चिकटवून देतात. तिथे "खालच्या मजल्यावर, मधली जागा" म्हणून मागा. हादरे सर्वांत कमी तिथे बसतात. गोळी घेत असाल तर बोटीत बसून घेऊ नका, अर्धा-पाऊण तास आधी घ्या.

बोटी दोन ठिकाणी लागतात : जुन्या शहराजवळचं आउटर हार्बर, आणि मोठ्या कॅसिनो-हॉटेलांच्या जवळचं ताइपा. टूरवाले हमखास ताइपाची काढतात. तुम्ही आउटर हार्बरची मागा.

हाँगकाँग-मकाऊ पूल २०१८ साली सुरू झाला, जोडरस्ते धरून ५५ किलोमीटर. बस पासष्ट डॉलर, चाळीसेक मिनिटं, चोवीस तास चालू. पण ती हाँगकाँग विमानतळाजवळच्या सीमा-नाक्यावरून सुटते. शहरातून तिथे पोचायलाच तास जातो. माझं म्हणणं, जाताना बोट आणि परतताना, सगळे दमलेले असताना, बस. बोट लागणाऱ्याला रात्रीच्या बोटीचा ताण नको. तुमचं हॉटेल हाँगकाँग बेटावर असेल तर मात्र दोन्ही वेळा बोटच सोपी.

सातासमुद्रापार_पुणेकर
मी मुक्कामाच्या बाजूने. एका दिवसात दमछाक होते. संध्याकाळी दिवे लागल्यावर जुनं गाव रिकामं होतं आणि तेव्हाच ते खरं दिसतं. हॉटेलं मंगळवार-बुधवारी बरीच स्वस्त असतात, शनिवारी भाव दुप्पट.

तुंगचुंगकर
पुणेकर, एरवी मान्य. पण पाच दिवसांत हॉटेल बदलणं, बॅगा ओढणं, गुडघे दुखणाऱ्या माणसाला घेऊन? मी नाही सुचवणार. सकाळी साडेआठची बोट, रात्री आठपर्यंत परत. पुरतं.

कोरी_पाटी
कॅसिनोबद्दल मी लिहितो. हे मी घराबाहेर कुठेच बोललेलो नाही.

२०१४ साली कंपनीच्या कामासाठी हाँगकाँगला होतो. सुट्टीच्या दिवशी मकाऊला गेलो. मुलांना आत सोडत नाहीत, एकवीस वर्षांच्या खाली प्रवेश नाही, दारात पासपोर्ट मागू शकतात. आत फोटो काढू देत नाहीत. तिथे सगळ्यांत जास्त चालतो तो बॅकारा. दोनच बाजू, कुठल्या बाजूची बेरीज नऊच्या जवळ जाते एवढंच. डोकं लावायला जागाच नाही, म्हणून तो सोपा वाटतो. माझ्या शेजारी एक आजोबा होते. पत्ता सरळ उलटत नव्हते. कडेवर अंगठा ठेवून केसाएवढा वाकवायचे, ठिपका दिसला की त्यावर फुंकर मारायचे, जणू नको असलेला ठिपका उडून जाईल. सगळं टेबल श्वास धरून बघायचं. मीही बघत राहिलो आणि मग बसलो.

एका हाताचा किमान डावच आपल्या हिशोबाने काही हजार रुपयांचा असतो. पहिल्या अर्ध्या तासात जिंकलो. चार तासांनी कंपनीने दिलेला सगळा भत्ता गेला होता आणि मी कार्डावर पैसे काढायला मशीनसमोर उभा होतो. बाहेर पडलो तर लिस्बोआ या कॅसिनो-हॉटेलाच्या आसपास रांगेने गहाणवटीची दुकानं, काचेत घड्याळंच घड्याळं मांडलेली. ती कोणाच्या मनगटावरची असतील हे तेव्हा कळलं. बायकोला सांगायला मला दीड वर्ष लागलं.

म्हणून कळकळीने सांगतो. तुमच्या मिस्टरांना आत जाऊन बघायचंच असेल तर ठरवलेली रक्कम रोख न्यावी, कार्ड आणि फोन तुमच्याकडे ठेवून. वेळ ठरवून तुम्ही बाहेर थांबा. "जिंकलेल्याच पैशांनी खेळतो" हे वाक्य मनात आलं की त्या क्षणी उठायचं.

पाचवीच्या_पालक
कोरी पाटी, इतकं मोकळेपणाने लिहिलंत, मनापासून आभार. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, पण कार्ड माझ्याकडे राहील हे ठरलं.

मांडवीकाठ
मी पणजीचा. आमच्याकडे मांडवीत कॅसिनोची जहाजं उभी असतात, त्यामुळे जुगाराच्या गावाबद्दल तुमच्या सासूबाईंना काय वाटतं ते चांगलं समजतं. पण मकाऊ हे आमचं जुनं शेजारघर आहे, म्हणून लिहितोय.

पोर्तुगीज गोव्यात १५१० साली आले, मकाऊत १५५७ च्या सुमारास वसले. गोवा, मलाक्का, मकाऊ, नागासाकी अशी एकच जहाजांची वाट होती. रेशीम आणि चांदी तिच्यावरून जायची. मकाऊचं धर्मपीठ १५७६ साली स्थापन झालं तेव्हा ते गोव्याच्या आधिपत्याखाली होतं. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला, मकाऊ चीनकडे गेलं २० डिसेंबर १९९९ ला. तारखांत एका दिवसाचं अंतर, वर्षांत अडतीस.

तिथल्या गल्ल्यांच्या नावांच्या निळ्या-पांढऱ्या फरशा पाहिल्या तेव्हा मला आमच्या पणजीच्या जुन्या वस्तीत, फोंताइन्यासमध्येच उभा आहे असं वाटलं. फक्त पोर्तुगीज नावाच्या वर चिनी अक्षरं. सेनादो चौकात काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा जमिनीत बसवल्यात. तिथून चालत सेंट पॉलचे अवशेष. चर्च १८३५ च्या आगीत गेलं, उरली ती समोरची दगडी भिंत आणि पायऱ्या. जुन्या गोव्यातही सेंट पॉल कॉलेजची नुसती कमान उरलीय, बघितली असेल तर ही भिंत जास्त बोलेल. घाई करू नका, खालून वर एकेक मजला वाचा. जपानमधून परागंदा झालेल्या ख्रिस्ती कारागिरांचा हात तिला लागलाय. शेवंतीची फुलं आहेत, पोर्तुगीज जहाज आहे, आणि सात डोक्यांच्या सापावर पाय दिलेली मेरी, शेजारी चिनी अक्षरं. सासूबाईंना कालियामर्दन आठवेल. भिंतीला लागूनच 'नाचा' नावाच्या चिनी देवाचं एवढंसं देऊळ आहे. चर्चच्या इतक्या जवळ, कोणाची हरकत नाही.

पण माझी खास शिफारस 'बारा' (Barra) नावाच्या भागाची. तिथे आ-मा देवीचं देऊळ आहे, समुद्रावर माणसांना सांभाळणारी देवी. पोर्तुगीज यायच्या आधीपासूनचं. मकाऊ हे नाव तिच्यावरूनच पडलं असं मानतात. छताला टांगलेल्या उदबत्तीच्या मोठ्या गुंडाळ्या दिवसभर जळत असतात. सासूबाईंना हात जोडायला जागा मिळेल. तिथून पाच मिनिटांवर पिवळ्या-पांढऱ्या कमानींची लांबलचक इमारत लागते, मूरिश बॅरॅक्स. १८७४ साली बांधली, गोव्याहून पोलिसांच्या मदतीला नेलेल्या भारतीय शिपायांच्या पलटणीसाठी. आत सरकारी कचेरी आहे, व्हरांड्यापर्यंतच जाता येतं. कोणत्या घरची पोरं ती, किती परत आली, काही ठाऊक नाही. मी तिथे बराच वेळ उभा होतो. टूरवाले तिथे कधी थांबत नाहीत, तुम्ही थांबा.

डबा_तयार
शाकाहारींसाठी : सेंट पॉलकडे जाणाऱ्या गल्लीत दुकानदार लालसर चौकोनी काप कात्रीने कापून हातावर ठेवतात. ते वाळवलेलं डुकराचं किंवा गाईचं मांस असतं! सासूबाईंना आधीच सांगून ठेवा. बदामाच्या बिस्किटांत कधीकधी चरबी असते, विचारूनच घ्या. प्रसिद्ध एग टार्टमध्ये अंडं आहेच. ती तुम्ही खा, मकाऊतल्याच कोलोआन भागात १९८९ पासूनची लॉर्ड स्टोज बेकरी आहे. सेराडुरा हा मलई आणि बिस्किटाच्या भुग्याचा थंड गोड पदार्थ गोव्यातही मिळतो, बहुधा चालेल, तरी घटक विचारा. दशम्या-चटणी आणि केळी बरोबर असलेली बरी.

तुंगचुंगकर
एक राहिलं. बंदरातून आणि सीमेवरून मोठ्या हॉटेलांच्या बस फुकट असतात, खेळायची अट नसते. साध्या बसला सहा पटाका (मकाऊचं चलन), सुट्टे लागतात. हाँगकाँग डॉलर सगळीकडे चालतात, पण सुट्टे पटाकात परत मिळतात आणि ते हाँगकाँगमध्ये कोणी घेत नाही. तिथेच संपवा. बारा भागातून आता छोटी मेट्रो थेट व्हेनेशियन या मोठ्या कॅसिनो-हॉटेलाकडे जाते. मुलाला तिथले आतले कालवे आणि रंगवलेलं आकाश दाखवायला कॅसिनोत पाऊल टाकावं लागत नाही. सासूबाईंना बसायला बाकंही भरपूर.

पाचवीच्या_पालक
मंडळी, परत आलो. तुम्ही वेळ काढून लिहिलंत, म्हणून काय झालं ते कळवणं माझं कर्तव्यच.

बुधवारी गेलो. खालच्या मजल्यावर मधली जागा मागितली, मिळाली. गोळी आधी घेतली होती, तरी वीस मिनिटं डोळे मिटूनच होते, पण उलटी नाही. परतताना बसने आलो, आणि तो सल्ला सोन्यासारखा निघाला.

घोळ एकच झाला. मी विनवूनही टूरवाल्याने ताइपाचीच तिकिटं काढली होती. मेट्रोने बारा भागात आलो, त्यामुळे क्रमच उलटा झाला : आधी आ-मा देऊळ, शेवटी सेंट पॉल. झालं ते बरंच झालं, कारण सकाळी देवळात गर्दी नव्हती. सासूबाई पाऊण तास तिथे बसल्या. मूरिश बॅरॅक्सच्या व्हरांड्यात मी त्यांना मांडवीकाठ यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांचे आजोबा फौजेत होते, बसऱ्याला गेले होते, हे मला लग्नानंतर बारा वर्षांनी तिथे कळलं. आजीला दोन वर्षं पत्र आलं नव्हतं म्हणे. कमानीच्या खांबावर हात ठेवून त्या हे सांगत होत्या.

सेंट पॉलच्या पायऱ्या त्या चढल्या नाहीत, खाली बसून भिंत पाहिली. मेरीच्या पायाखालचा साप मुलाने मोबाइलवर मोठा करून दाखवला.

नवरा कॅसिनोत गेला नाही. दारापर्यंत गेला, थोडा वेळ उभा राहिला आणि परत आला. मी काही विचारलं नाही.

पटाका संपवले, फक्त दोन नाणी मुलाने ठेवून घेतली. पाचच्या नाण्यावर सेंट पॉलची भिंत आहे, एकच्या नाण्यावर गिया टेकडीवरचं दीपगृह. ते दीपगृह बघायचं राहिलं. वरती जायला छोटा रोपवे आहे असं नंतर कळलं. पुढे कोणी आजी-आजोबांना घेऊन जाणार असेल तर तेवढं जरूर करा आणि इथे लिहा, सासूबाईंनी विचारून ठेवायला सांगितलंय.